साहेबाचे ओटे आणि सूर्यातली पिवळी रेषा

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात, तर तटबंदी, बुरूज, खाडीकडची बाजू हे सगळे दाखवून झाल्यावर वाटाड्या तुम्हाला काही जुन्या ओट्यांपाशी नेतो. त्यांना गावात 'साहेबाचे ओटे' म्हणतात. तो सांगतो, ''सायबान हयसर बसान हेलियम शोधून काढल्यान.'' पाहुणे चकित होतात, ओट्यांचे फोटो काढतात आणि रामेश्वराचे दर्शन घेऊन परततात. साल विचारले तर उत्तर ठरलेले असते, १८६८. साहेबाचे नावही ठरलेले असते, नॉर्मन लॉकियर.

मी रसायनशास्त्र शिकवत आलो. देवगड तालुक्यातली मुले वर्गात हाच प्रश्न विचारतात, ''सर, हेलियम आपल्या विजयदुर्गावर सापडला ना?'' या प्रश्नाला 'हो' म्हणणे सोपे आहे आणि 'नाही' म्हणणे वाईटपणाचे. पण दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. खरी हकिकत या दंतकथेपेक्षा लांबची आणि माझ्या मते अधिक मोलाची आहे. ती किल्ल्यावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. तिचा सर्वांत ताजा अध्याय २०२५ साली जर्मनीत लिहिला गेला. आज तीच हकिकत क्रमाने सांगणार आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राच्या सावलीचा पट्टा एडनवरून अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आला आणि विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण या वाटेने पुढे सयामकडे गेला. ग्रहण लांबलचक होते. शिवाय वर्णपटदर्शक हे यंत्र नुकतेच ज्योतिषांच्या हाती आले होते. प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग सुटे होतात, आणि तापलेल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या आपल्या अशा ठरावीक रेषा त्यात दिसतात. माणसाला अंगठ्याच्या ठशावरून ओळखावे, तसे मूलद्रव्य या रेषांवरून ओळखता येते. हे बुन्सेन आणि किर्खहोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याआधी आठ-नऊ वर्षे दाखवून दिले होते. खग्रास स्थितीत सूर्याच्या कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्या कशाच्या बनलेल्या आहेत, एवढा एकच प्रश्न घेऊन युरोपातली पथके हिंदुस्थानात उतरली.

गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन होते. तिथेच इंग्रजांचे मेजर टेनंटही होते. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन होते. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे जमखंडी. पटवर्धनांच्या त्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी मुक्काम ठोकला होता. हे थोर ज्योतिषी विल्यम हर्शेल यांचे नातू. ऐन वेळी ढग आले, पण एका फटीतून त्यांना तीन तेजस्वी रेषा दिसल्या, एक तांबडी, एक नारिंगी आणि एक निळी. नारिंगी-पिवळ्या रेषेची जागा मीठ ज्योतीत टाकले की दिसणाऱ्या सोडियमच्या रेषेपाशी होती. त्या दिवशी ती रेषा अनेकांनी पाहिली आणि बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली. पॉगसन यांनी मात्र ती सोडियमच्या जागी किंवा जवळपास आहे, अशी सावध नोंद केली. दुसऱ्या दिवशी जान्सेन यांनी ग्रहण नसतानाही त्या ज्वालांच्या रेषा पाहून दाखवल्या. ग्रहणाची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही.

आणि लॉकियर? ते त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. युद्धखात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात सूर्य न्याहाळणारा हा माणूस नव्या वर्णपटदर्शकाची वाट पाहत होता. यंत्र ऑक्टोबरच्या मध्यास हाती आले आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी लंडनमध्ये बसून, ग्रहणाशिवायच त्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्यांचे पत्र आणि जान्सेन यांचे गुंटूरहून निघालेले पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला वाचले गेले. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचेही मुखवटे असलेले पदक काढले.

लॉकियर यांचे खरे काम त्यानंतरचे. ती पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या किंचित बाजूला आहे, हे त्यांनी मोजून दाखवले. आजच्या मापात सांगायचे तर सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, आणि ही ५८७.६ला. हायड्रोजनच्या कुठल्याही रेषेशीही ती जुळेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत खूप खटपट केली, पण पृथ्वीवरचा कोणताही वायू ती रेषा देईना. तेव्हा हे सूर्यातले अज्ञात मूलद्रव्य असले पाहिजे, असे लॉकियर यांचे मत झाले. 'हेलिऑस' म्हणजे सूर्य, त्यावरून 'हेलियम'. १८७१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एका अध्यक्षीय भाषणात या नावाचा उल्लेख केला. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. बाटलीत भरता न येणारे मूलद्रव्य कोण मानणार? पंचवीसहून अधिक वर्षे थट्टा सहन केल्यावर १८९५ साली विल्यम रॅम्से यांनी युरेनियमयुक्त खनिजातून एक वायू मिळवला. त्यात तीच पिवळी रेषा निघाली.

तर हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गावर लागला नाही, हे उघड आहे. मग साहेबाचे ओटे कुठून आले? साहेब आला होता, अगदी खराखुरा. मात्र तीस वर्षांनी.

लॉकियर हिंदुस्थानात ग्रहण पाहायला आले ते पहिल्यांदा डिसेंबर १८७१मध्ये. तेव्हा ते केरळच्या सीमेवरच्या बेकल किल्ल्यावर होते. दुसऱ्यांदा आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. त्या ग्रहणाची सावली रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून आत शिरली. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ साली, तोवर आपण सारे रत्नागिरीचेच. तोपर्यंत लॉकियर 'सर' झाले होते आणि 'नेचर' या प्रख्यात साप्ताहिकाचे संस्थापक म्हणून जगभर ओळखले जात होते. त्यांनी मुक्कामासाठी विजयदुर्ग निवडला. कारण सरळ होते. सामान जड, रस्ते नाहीत, पण जहाज थेट किल्ल्यापाशी येते. ब्रिटिश आरमाराची 'मेलपोमीनी' ही युद्धनौका मदतीला होती. तिचे कॅप्टन चिझम-बॅटन आणि त्यांचे खलाशी यांच्याकडून दिवसेंदिवस तालीम करून घेतली गेली. कोणी वेळ मोजायची, कोणी प्रभामंडळाचे चित्र काढायचे, कोणी काच बदलायची. कलकत्त्याहून रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर आले होते. लॉकियर यांचे चिरंजीव आणि सहायक आल्फ्रेड फाउलर हेही पथकात होते. मुंबई-पुण्याकडे तेव्हा प्लेगचे दिवस होते. त्या धामधुमीत आंग्र्यांच्या या किल्ल्यात लोलक बसवलेले मोठे कॅमेरे उभे राहिले. असे कॅमेरे ठेवायला पक्का, न हलणारा चौथरा लागतो. ओट्यांचा संबंध जोडायचा तर तो या छावणीशी.

आभाळ निरभ्र होते. भर दुपारी सुमारे दोन मिनिटे अंधारले आणि तेवढ्या वेळात सूर्याच्या कडेचा वर्णपट काचेवर उतरला. सूर्याच्या वातावरणात कोणते मूलद्रव्य किती उंचीपर्यंत आहे, हे या छायाचित्रांवरून ठरवायचे होते. हेलियमची ओळखीची रेषा त्यात होतीच. त्याच दिवशी करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपली यंत्रे घेऊन उभे होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातल्या या प्राध्यापकाचे नाव आपल्या स्मरणातून पुसले गेले आहे, याची खंत वाटते.

आता फाउलर यांच्याकडे वळू, कारण हेलियमच्या गोष्टीतला पुढचा धागा त्यांच्या हातात आहे. १९१२ साली त्यांनी लंडनमध्ये हायड्रोजन आणि हेलियम यांच्या मिश्रणातून विजेची ठिणगी सोडली आणि काही नव्या रेषा मिळवल्या. तशा रेषा त्याआधी पिकरिंग यांना एका ताऱ्यात आढळल्या होत्या. सर्वांनी त्या हायड्रोजनच्या मानल्या. १९१३ साली नील्स बोहर या तरुण डॅनिश शास्त्रज्ञाने आपले अणूचे नवे गणित मांडले आणि सांगितले, या रेषा हायड्रोजनच्या नाहीत, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. फाउलर यांनी हरकत घेतली की, गणित आणि मोजमाप यांत किंचित फरक पडतो. बोहर यांनी उत्तर दिले की, अणुकेंद्रही थोडे हलते, ते हिशेबात धरा. धरल्यावर आकडे जुळले. ज्याला आपण क्वांटम सिद्धान्त म्हणतो, त्याच्या पहिल्या मोठ्या विजयांपैकी हा एक. विजयदुर्गावर उभा राहिलेला माणूस त्यात प्रतिपक्ष होता आणि आकडे जुळल्यावर त्याने ते मान्यही केले.

पण बोहर यांचे गणित एका इलेक्ट्रॉनपुरतेच चाले. साध्या हेलियमला दोन इलेक्ट्रॉन. तिथे ते अडले. नवी पुंजयांत्रिकी आल्यावर, १९२९च्या सुमारास, नॉर्वेच्या हिलेरास यांनी गणकयंत्रावर हेलियमचा हिशेब जवळजवळ अचूक करून दाखवला. त्याआधी १९२७ साली हाइटलर आणि लंडन यांनी हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना का धरून ठेवतात, हे सांगितले होते. म्हणजे अणू समजला, रेणू समजला. आता पुढचा प्रश्न. अणू येऊन रेणूवर आदळतो, जुना बंध तुटतो, नवा जुळतो, ती घटका कशी मोजायची?

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. देवगडहून कोल्हापूरला जायचे तर मध्ये सह्याद्री आडवा. फोंडा घाट घ्या नाहीतर गगनबावड्याचा. डोंगर कुठूनही चढता येईल, पण शहाणा माणूस खिंड शोधतो. रासायनिक क्रियेचेही असेच. अणू एकमेकांपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात आहेत, त्याप्रमाणे त्यांची ऊर्जा कमी-जास्त होते. प्रत्येक मांडणीची ऊर्जा काढून नकाशा केला, तर त्यात दऱ्या दिसतात, डोंगर दिसतात आणि एका दरीतून दुसरीत नेणारी खिंड दिसते. या नकाशाला ऊर्जापृष्ठ म्हणतात. १९३१ साली बर्लिनमध्ये आयरिंग आणि पोलान्यी यांनी हायड्रोजनचा अणू आणि हायड्रोजनचा रेणू यांच्यासाठी असा पहिला नकाशा काढला.

नकाशा झाला की दुसरे काम, त्यावरून प्रवास. इथे अणू गाडीसारखे चालत नाहीत, लाटेसारखे पसरतात. घाटाच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याइतकी ऊर्जा नसली, तरी लाटेचा थोडा भाग पलीकडे उमटतो. कोकण रेल्वे डोंगर न चढता बोगद्यातून जाते, तसेच काहीसे. फरक इतकाच की, इथे बोगदा कोणी खणलेला नसतो. हे सगळे हिशेबात घेऊन तीन मितींतला अचूक हिशेब व्हायला १९७५ साल उजाडले. तो कुपरमन आणि शॅट्झ यांनी केला, आणि तोही निसर्गातल्या सर्वांत साध्या क्रियेचा, तीन हायड्रोजन अणूंचा. नकाशा ते प्रवास या वाटेला चव्वेचाळीस वर्षे लागली.

आता हेलियम. तो कोणाशी बोलत नाही, असा आपला समज. दोन इलेक्ट्रॉन, घर भरलेले, कोणाकडून घ्यायचे नाही, द्यायचे नाही. पण १९२५ साली हॉग्नेस आणि लन यांनी प्रयोगशाळेत एक चमत्कारिक जोडी पाहिली. हेलियमला चिकटलेला हायड्रोजनचा धनभारित अणू, हेलियम हायड्राइड. हा हेलियम सोवळे मोडतो कसा? हायड्रोजनचा केंद्रक उघडा, इलेक्ट्रॉन नसलेला. तो हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो आणि बंध जुळतो.

ही जोडी केवळ प्रयोगशाळेतली गंमत नाही. विश्वाच्या बालपणी, सगळे निवत चालले असता, सर्वांत आधी हेलियमचे अणू पूर्ण झाले. भोवती हायड्रोजनचे उघडे केंद्रक होते. तेव्हा विश्वातला पहिला रासायनिक बंध जुळला तो या दोघांचा. पुढे हायड्रोजनचा एखादा अणू या जोडीवर आदळला की हेलियम बाजूला होतो आणि दोन हायड्रोजनांची जोडी बनते. त्यातून पुढे हायड्रोजनचा साधा रेणू तयार होतो. त्या रेणूंनी उष्णता बाहेर टाकली म्हणून वायूचे ढग निवले, आकसले आणि पहिले तारे पेटले. म्हणजे हायड्रोजनचा अणू या जोडीला किती वेगाने फोडतो, या एका आकड्यावर विश्वाच्या आरंभाचा बराच हिशेब अवलंबून आहे. तीन केंद्रक आणि तीन इलेक्ट्रॉन, एवढाच सगळा पसारा.

या क्रियेची उलटी बाजू, म्हणजे हेलियमचा अणू हायड्रोजनच्या धनभारित रेणूवर आदळून ही जोडी बनणे, हा आपल्या देशातल्या संशोधनाचा एक जुना विषय आहे. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. एन. सत्यमूर्ती आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले. या दिशेने जाताना चढ आहे, सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चुपका यांच्या प्रयोगांनी दाखवले होते की, नुसत्या जोराने आदळण्यापेक्षा तो रेणू आधीच थरथरत असेल, तर क्रिया अधिक सहज होते. हे असे का, आणि नेमके किती, याचा हिशेब लाटांच्या गणिताने मांडण्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. ऊर्जापृष्ठाच्या उलटसुलट दोन्ही वाटा त्या एकाच नकाशावरच्या. सत्यमूर्ती पुढे मोहालीच्या आयसर संस्थेचे पहिले संचालक झाले.

ही जोडी आकाशात मात्र कुठेच दिसत नव्हती. गणित म्हणत होते, असायला हवी. अखेर विमानात बसवलेल्या 'सोफिया' या दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांत 'एनजीसी ७०२७' या तेजोमेघात तिची खूण सापडली. हा निष्कर्ष एप्रिल २०१९मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. लॉकियर यांनी सुरू केलेल्या त्याच साप्ताहिकात.

आणि आता २०२५. आधीचे क्वांटम हिशेब सांगत होते की, थंडी वाढत जाईल तशी ही जोडी फोडणारी क्रिया मंदावत जाते. जर्मनीत हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत पस्तीस मीटर परिघाचे, अतिशीत असे साठवण-कडे आहे. तिथे उणे २६७ अंश सेल्सिअसच्या आसपास ही जोडी फिरत ठेवली गेली आणि तिच्यावर ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजनचे अणू सोडले गेले. क्रिया मंदावलीच नाही. थंडीतही ती जवळपास त्याच वेगाने चालू राहिली. मग सिद्धान्तवाल्यांनी नकाशा पुन्हा तपासला. आधीच्या हिशेबांत वापरलेल्या ऊर्जापृष्ठातच चूक निघाली. नकाशावर चढ दाखवला होता, जमिनीवर तो नव्हताच. वाट सपाट उताराची. सुधारलेल्या पृष्ठावरचा हिशेब प्रयोगाशी जुळला. अर्थात, विश्वाच्या बालपणी ही जोडी आपण समजत होतो त्यापेक्षा भराभर मोडत असली पाहिजे.

तीन केंद्रक, तीन इलेक्ट्रॉन, जगातले उत्तमोत्तम संगणक, शंभर वर्षांचा क्वांटम सिद्धान्त आणि तरीही नकाशात चूक. ती सापडली, कारण कोणीतरी नकाशावर न विसंबता प्रत्यक्ष जाऊन पाहिले. पिवळी रेषा सोडियमची आहे असे सगळे म्हणत असताना लॉकियर यांनी ती मोजून पाहिली, ती याच वृत्तीने.

म्हणून साहेबाच्या ओट्यांवरची दंतकथा मला खटकते. तिच्यातला अभिमान मला मान्य आहे. २०२५च्या जुलैत विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात इतर अकरा किल्ल्यांबरोबर दाखल झाला. आता देशोदेशीचे पाहुणे येतील आणि त्यांतला एखादा जाणकार आपल्या पोराला हसून विचारेल, ''१८६८मध्ये लॉकियर इथे होते?'' त्या पोराला मान खाली घालावी लागू नये. शिवाय आपण १८६८ सांगत राहिलो, तर १८९८ची खरी छावणी, खलाशांची तालीम, ती दोन मिनिटे, फाउलर आणि बोहर यांचा वाद, यातले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. तो जरूर व्हावा. त्या दिवशी सावली कोकणातूनच आत गेली होती आणि ती रेषा हिंदुस्थानच्या भूमीवरच प्रथम पाहिली गेली, हे खरेच आहे. पण त्याच्या जोडीला २२ जानेवारीही साजरा व्हावा. ओट्यांपाशी चार ओळींची पाटी असावी. तीत सर नॉर्मन लॉकियर यांनी २२ जानेवारी १८९८ रोजी इथून खग्रास ग्रहणाचे निरीक्षण केले, एवढे साधे सत्य लिहावे. आणि जमले तर शाळेतल्या मुलांना एक स्वस्तातला लोलक आणि मिठाची चिमूट द्यावी. मिठाची पिवळी रेषा त्यांनी स्वतः पाहिली की, तिच्या शेजारची दुसरी रेषा वेगळी ओळखणे किती कठीण होते, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)